मत देण्याआधी सरकारच्या खर्चाचा हिशेब कसा लावायचा?

सांजवात:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

निवडणूक तोंडावर आलीये आणि आमच्या घरात रोज एकच वाद चाललाय. धाकटा भाऊ यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. तो म्हणतो सरकार योजनांवर पैसा उधळतंय, कर्ज वाढत चाललंय, ते शेवटी आमच्याच पिढीच्या मानेवर बसणार, त्यामुळे जो पक्ष हे सगळं बंद करतो म्हणेल त्याला माझं मत. मी त्याला खोटं पाडू शकत नाही कारण कर्जाचे आकडे मीही वाचते आणि मलाही धास्ती वाटते. पण तो हे बोलायला लागला की आई उठून आत जाते.

बाबा गेले तेव्हा मी अकराची आणि हा दोन वर्षांचा. मी कमवायला लागेपर्यंत घरात येणारा एकच पैसा भरवशाचा होता, आईचं विधवा पेन्शन. शिवणकामाचे कधी यायचे कधी नाही. आईची तेव्हाची एक वही आहे, अजून जपून ठेवलीये, प्रत्येक पानावर तीन रकाने, आले, गेले आणि द्यायचेत. तिसरा रकाना ती पेन्सिलने लिहायची, म्हणजे पैसे दिले की खोडता येतील. एकदा कागदपत्रं कुठल्यातरी टेबलावर अडकली आणि सात महिने पेन्शन आलंच नाही. त्या सात महिन्यांच्या पानांवर पहिला रकाना जवळजवळ कोरा आणि तिसरा पार खालपर्यंत भरलेला, इतक्या वेळा खोडून परत लिहिलंय की एका ठिकाणी कागद फाटलाय. माझी शाळा सुटली नाही ती त्या पेन्शनमुळे. भावाला यातलं काहीच आठवत नाही आणि आईने त्याला कधी सांगितलंही नाही.

तर प्रश्न असा की दोन्ही बाजूंचे जाहीरनामे वाचले, दोघांनीही भरपूर देऊ असं लिहिलंय, एकाने तर वर करही कमी करू म्हटलंय. सरकार झेपेल त्यापेक्षा जास्त खर्च करतंय की नाही हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं? आणि मत देताना नक्की काय बघायचं? पक्षांची नावं घेऊन भांडू नका प्लीज, मला खरंच समजून घ्यायचंय.

जमाखर्च:
ताई, तुमच्या आईच्या वहीतला तिसरा रकाना वाचला आणि तिथेच थांबलो. मी एकतीस वर्षं सरकारी हिशेबात काढली, आणि सरकारच्या खर्चावर वाद घालणारे बहुतेक लोक पहिल्या दोन रकान्यांवरच भांडतात.

आधी दोन शब्द वेगळे करा. तूट म्हणजे एका वर्षात जमेपेक्षा जास्त झालेला खर्च. कर्ज म्हणजे आजपर्यंतच्या तुटी साचत साचत झालेला ढीग. "तूट कमी केली" असं कोणी सांगितलं म्हणजे कर्ज कमी झालं असं नाही, फक्त ढीग जरा सावकाश वाढतोय इतकंच. ही गल्लत चांगली शिकलेली माणसं करतात.

मग बघायचं की उसने घेतलेले पैसे गेले कुठे. पूल, कालवा, दवाखान्याची इमारत हा भांडवली खर्च, तो पुढची तीस-चाळीस वर्षं उपयोगी पडतो, त्यासाठी कर्ज काढलं तर ज्यांना उपयोग होणार तेही फेडायला हातभार लावतात, त्यात गैर काही नाही. पण रोजचे पगार, व्याज, वीजबिलं भागवायलाच दरवर्षी कर्ज काढावं लागत असेल, म्हणजे महसुली तूट कायमची झाली असेल, तर ते लक्षण वाईट. (ही वाटणी अगदी काटेकोर मानू नका, शिक्षकाचा पगार महसुली खर्चात पडतो आणि कोणी न वापरणारी इमारत भांडवली खर्चात, त्यामुळे नावावर जाऊ नका.)

तिसरं म्हणजे व्याज. सरकारला मिळणाऱ्या दर शंभरातले किती व्याजात जातात हा एक आकडा काढलात तरी पुष्कळ कळतं. अमेरिकेत २०२४ साली सरकारचा व्याजावरचा खर्च संरक्षणाच्या खर्चापेक्षा जास्त झाला. व्याजाला कात्री लावता येत नाही, ते आधी द्यावंच लागतं, मग उरलेल्यात शाळा, औषधं, पेन्शन. त्यामुळे योजना बंद पडायला विरोधकांची गरज लागत नाही, वाढतं व्याजच त्यांना बाहेर ढकलतं.

आणि आता कागद कसा वाचायचा ते. अर्थसंकल्पात साधारण प्रत्येक ओळीसमोर मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. भाषणात वाचून दाखवतात तो शेवटचा. तुम्ही पहिल्यापासून बघत या. घोषणा मोठी, सुधारित अंदाज त्याच्या निम्मा, प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी, असं लागोपाठ तीन वर्षं दिसलं तर त्या योजनेवर पैसा उधळला जात नाहीये, ती फक्त भाषणात आहे. उलटही होतं. वर्षाच्या मध्यात पुरवणी मागण्या, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव येतात, त्यांची बातमी आतल्या पानावर असते, आणि मूळ अंदाजाचं पार वाटोळं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र त्या कागदातही धड दिसत नाही. वर्ष संपायला आठ दिवस राहिले की टेबलावर बिलांचे गठ्ठे यायचे आणि वरून निरोप, यातली एवढीच काढा, बाकीची नवीन वर्षात. काम झालेलं, माणसाने माल दिलेला, पण बिल दिलं नाही म्हणून त्या वर्षाचा खर्च कमी दिसतो आणि तूट आटोक्यात. तसंच सरकारी कंपन्यांनी काढलेली कर्जं, त्यांना सरकारने दिलेली हमी. ही सगळी तुमच्या आईची पेन्सिलीतली रक्कम आहे ताई, फरक इतकाच की आई ती लिहीत होती.

काठावरचा:
मी तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो, कारण त्याची भीती खरी आहे आणि इथे सगळे त्याला समजवायला निघतील असं दिसतंय.

जमाखर्च काकांनी शेवटी जे लिहिलंय त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्रीस. युरोच्या नियमाप्रमाणे तूट जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, ३ टक्क्यांच्या आत हवी. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे नवीन सरकार आलं, त्याने कपाट उघडलं आणि सांगितलं की आधी कळवलेला आकडा खोटा आहे, तूट १२ टक्क्यांच्या वर आहे, पुढे तपासणी झाल्यावर ती १५ टक्क्यांवर गेली. मग कर्ज देणारे मागे हटले, मे २०१० मध्ये बाहेरून ११० अब्ज युरोच्या कर्जाचं पॅकेज घ्यावं लागलं आणि त्याच्या अटींमध्ये पेन्शन कापली, एकदा नाही, परत परत. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांनी जन्मभर वर्गणी भरली त्यांच्या ताटातलं गेलं. तुमच्या आईसारख्या बाईचं नुकसान योजना कमी केल्याने जितकं होतं त्यापेक्षा सरकारचं दिवाळं निघाल्यावर कितीतरी जास्त होतं, कारण तेव्हा निवडून कापायला वेळच नसतो. श्रीलंकेतही तेच झालं, २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागले, पेट्रोलसाठी लोक दिवस दिवस रांगेत.

आणि एक गोष्ट कुठलाही पक्ष सांगत नाही. एकदा चालू केलेली दरमहा देण्याची योजना बंद करता येत नाही, जो बंद करेल तो पडतो. म्हणून घोषणा करताना ती एका वर्षाची नसते, वीस वर्षांची असते. जाहीरनाम्यात वीस वर्षांचा खर्च लिहिलेला मी आजवर वाचलेला नाही.

उंबरठा:
काठावरचा, ग्रीसबद्दल सहमत. श्रीलंकेबद्दल पूर्ण नाही, आणि तो फरक महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

श्रीलंकेत नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत जिंकलेल्या बाजूचं ठळक वचन होतं कर कमी करण्याचं. लोकांनी टाळ्या वाजवून मतं दिली, लगेच डिसेंबरपासून व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, आणखीही कर उडवले. तिजोरीत येणारा पैसा आटला, त्यावर करोनाने पर्यटन बंद पाडलं, कर्ज आधीचं होतंच, आणि २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घालून शेतीचंही कंबरडं मोडलं. म्हणजे खड्डा नुसता खर्चाने पडला नाही, जमेच्या बाजूनेही पडला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ ला असंच झालं, सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते सांगितलं नाही, सरकारी खर्चाचा अंदाज बांधणारी स्वतंत्र संस्था आहे तिचा अंदाजही सोबत दिला नाही, बाजार कोसळला, काही दिवसांत मध्यवर्ती बँकेला सरकारी रोखे (सरकारने कर्ज घेताना दिलेले कागद) विकत घ्यायला उतरावं लागलं आणि पंतप्रधान लिझ ट्रस यांना दोन महिनेसुद्धा पुरते मिळाले नाहीत.

मग माझा प्रश्न असा की विधवेला पेन्शन दिली तर ती उधळपट्टी आणि कर माफ केला तर ती सवलत, हे कोणी ठरवलं? तिजोरीच्या दृष्टीने दोन्हीत पैसा गेलाच. फक्त पेन्शन घेणारी बाई रांगेत उभी दिसते, करमाफी घेणारा दिसत नाही. पुष्कळ देशांत अर्थसंकल्पासोबत एक जोडपत्र असतं, करसवलतींमुळे किती महसूल सोडून दिला त्याचं. ते तुमच्या भावाला आवर्जून वाचायला द्या.

मी पोषण आणि शाळेच्या कामात आहे, योजना जवळून बघते, त्यामुळे योजनांची तरफदारी करताना डोळे मिटून करणार नाही. वाईट योजना असतात. इंधन सर्वांना स्वस्त देणं घ्या. ज्याच्याकडे दोन गाड्या त्याला जास्त फायदा आणि ज्याच्याकडे सायकल त्याला काहीच नाही, आणि खर्च तर डोळे पांढरे करणारा. इंडोनेशियाने २००५ मध्ये इंधनाचे भाव एकदम दुपटीच्या वर नेले आणि त्यातून वाचलेल्या पैशातून दीड कोटीपेक्षा जास्त गरीब कुटुंबांना थेट रोख दिली. आरडाओरडा झाला, वाटपात चुकाही झाल्या, पण पैसा वळवायची दिशा बरोबर होती.

आणि चांगली योजना स्वस्तातही होते. ब्राझीलची बोल्सा फामिलिया २००३ मध्ये सुरू झाली, आईच्या हातात पैसे, अट एवढीच की मुलं शाळेत जायला हवीत आणि लसी टोचून घ्यायला हव्यात. कोट्यवधी कुटुंबांपर्यंत पोचली आणि कितीतरी वर्षं तिचा खर्च जीडीपीच्या साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. मेक्सिकोने १९९७ मध्ये अशीच योजना चालू करताना एक फार शहाणपणाचं केलं, काही गावांत आधी आणि काही गावांत नंतर, म्हणजे फरक पडतो की नाही ते मोजता येईल. मुलं, विशेषतः मुली, माध्यमिक शाळेत टिकल्या हे आकड्यात दिसलं म्हणून पुढची सरकारं बदलली तरी ती योजना बरीच वर्षं टिकली.

स्वीडनचंही बघा. सरकारी खर्च जीडीपीच्या जवळपास निम्मा, तरी कर्ज ४० टक्क्यांच्या खाली. नव्वदच्या दशकात तेही गाळात गेले होते, मग त्यांनी खर्चाला आधीच वरची मर्यादा ठरवायची पद्धत आणली आणि लोक भरपूर कर भरायला तयार आहेत. जास्त खर्च आणि झेपत नाही इतका खर्च या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हो. नाहीतर तुमच्या भावाचं मत "बंद करतो" म्हणणाऱ्याला जाईल आणि तो बंद करेल नेमकी स्वस्तातली चांगली योजना, कारण तिच्या लाभार्थ्यांना आवाज नसतो.

काठावरचा:
@उंबरठा, करसवलतीचा मुद्दा मान्य, श्रीलंकेचं मी अर्धवट लिहिलं होतं. तरी स्वीडनचं उदाहरण देताना त्यांनी मर्यादा घातली हे तुम्हीच लिहिलंय. स्वित्झर्लंडमध्ये तर डिसेंबर २००१ ला यावर जनमत घेतलं, ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांनी खर्चाला ब्रेक लावायच्या बाजूने मत दिलं आणि २००३ पासून तो लागू आहे. मला एवढंच म्हणायचंय, देणारे खूप झालेत, मर्यादा सांगणारा कोणी हवा.

अर्धविराम:
चांगली चर्चा. एकच दुरुस्ती, सरकार म्हणजे घर नव्हे. घर कर लावू शकत नाही आणि नोटा छापू शकत नाही. जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीच्या वर आहे, तरी देश बुडाला नाही कारण ते त्यांच्याच चलनात आहे आणि बरंचसं त्यांच्याच लोकांकडून घेतलेलं आहे. दुसऱ्याच्या चलनात घेतलेलं कर्ज जीवघेणं, आपल्या चलनातलं महागाई वाढवून हळूहळू बोचणारं. त्यामुळे कर्जाचा नुसता आकडा ऐकून घाबरू नका, कोणाकडून, कोणत्या चलनात, किती व्याजाने हे विचारा.

पण खरं सांगू का, हे सगळं वाचायला माणसाला वेळ कुठे आहे? माझं एक मत, त्याने निकाल फिरणार नाही, मग मी रात्र रात्र अर्थसंकल्प का वाचू असं प्रत्येकाला वाटतं आणि त्यात खोटं काही नाही. त्याचा परिणाम काय होतो ते अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसतं, सरकारचा किती खर्च परदेशांना मदत देण्यात जातो असं विचारलं की लोकांचं सरासरी उत्तर पाव हिश्श्याच्या आसपास येतं, खरा आकडा साधारण १ टक्का. आता असा मतदार "परदेशी मदत बंद करून तूट भरून काढू" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणारच ना.

यावर मला पटलेला उपाय नेदरलँड्सचा. तिथे १९८६ पासून निवडणुकीआधी एक सरकारी पण स्वतंत्र संस्था पक्षांच्या जाहीरनाम्यांचा हिशेब मांडते, कोणाच्या वचनाने तूट किती वाढेल, नोकऱ्यांवर काय परिणाम, कोणत्या उत्पन्नगटाच्या हातात किती येईल. पक्ष स्वतःहून जाहीरनामा पाठवतात, सक्ती नाही, पण जो पाठवत नाही त्याला लोक विचारतात का नाही पाठवला. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून संसदेचं असं कार्यालय आहे, ते निवडणूक झाल्यावरही पक्षांच्या वचनांचा खर्च प्रसिद्ध करतं. एका माणसाने रात्र जागवण्यापेक्षा वीस अर्थतज्ज्ञांनी सगळ्यांसाठी जागवावी, आणि आपण मतदारांनी निदान तेवढं मागावं. जिथे हे नाही तिथे मी प्रचाराला दारात आलेल्या माणसाला दोनच गोष्टी विचारतो. ही रक्कम दरवर्षीची आहे का एकदाच, आणि यासाठी कुठला कर वाढणार किंवा कुठला खर्च कमी होणार. "विकासातून पैसा येईल" असं उत्तर आलं की त्या वचनाच्या पुढे मी फुली मारतो, मग पक्ष कुठलाही असो.

जमाखर्च:
अर्धविराम यांची दुरुस्ती मान्य. घराची तुलना मी रकान्यापुरतीच केली होती. फक्त एक लक्षात घ्या, नोटा छापता येतात हे स्वतःचं चलन असलेल्या केंद्र सरकारांपुरतं. राज्यं, प्रांत, नगरपालिका यांना ते दार बंद आहे, आणि लोकांच्या रोजच्या बहुतेक सेवा याच देतात. त्यांचे हिशेब मात्र कोणी उघडून बघत नाही.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण मध्ये घरात बरंच काही झालं.

परवा रात्री मी आईला विचारून वही भावापुढे ठेवली, काही बोलले नाही. त्याने ती सात महिन्यांची पानं उलटली, फाटलेल्या जागी बोट फिरवत बसला बराच वेळ. मग आईला विचारलं, हे सगळे फिटले का? आई म्हणाली शेवटचे तू सातवीत असताना फिटले.

काल त्याने स्वतःहून अर्थसंकल्पाची फाईल डाउनलोड केली. आम्ही तिघं बसलो. आधी व्याजाची ओळ शोधली, ती बघून तो मला म्हणाला बघ मी म्हणत होतो ना, आणि मला मान्य करावं लागलं, आकडा खरंच मोठा आहे आणि तीन वर्षं चढत चाललाय. मग विधवा पेन्शनची ओळ शोधली, ती सापडायलाच अर्धा तास लागला इतकी लहान. मग उंबरठाताईंनी सांगितलेलं करसवलतींचं जोडपत्र, ते मात्र लांबलचक आहे आणि त्यातल्या काही सवलती कशासाठी चालू आहेत हे कुठेच लिहिलेलं नाही. भाऊ अजूनही म्हणतो की खर्चाला लगाम हवा. पण आता "योजना बंद करा" म्हणत नाही, ओळीवर बोट ठेवून ही का, ही का, असं विचारतो. रविवारी उमेदवार येणार आहेत तेव्हा अर्धविराम यांचे दोन प्रश्न तो विचारणार आहे, वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलेत.

आईने एकच विचारलं. ती म्हणाली, न दिलेली बिलं कुठल्या पानावर लिहितात? आम्हाला काही सापडलं नाही. जमाखर्च काका, सांगाल का?

जमाखर्च:
एका पानावर नाही सापडणार बेटा. सरकारी हमीची यादी बहुतेक ठिकाणी जोडपत्रात असते, ती बघा. थकलेल्या बिलांसाठी लेखापरीक्षकांचा वार्षिक अहवाल उघडा, त्यात खात्यांची देणी पुढच्या वर्षावर ढकलल्याचे शेरे असतात, बारीक टायपात. शेरा दिसला की त्याच खात्याचा आदल्या वर्षीचा अहवालही काढा, तोच शेरा परत असेल तर रक्कम वाढलीये का ते बघा. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर ती वही स्कॅन करून ठेवा, पेन्सिलचं पुसट होत जातं.